तालमीच्या पायरीवरचं रक्त

विज्ञानाची सारी इमारत निरीक्षणावर उभी आहे. डोळे उघडे ठेवावेत, मन स्वच्छ ठेवावं आणि जे दिसेल ते वहीत उतरवावं. सत्य आपोआप समोर येतं. माझ्या संशोधनाच्या काळात मी हे अक्षरशः पाळलं. एक अख्खा हिवाळा मी डोळे उघडे ठेवून कोल्हापुरातल्या एका तालमीच्या बंद दाराचं निरीक्षण केलं.

दार बंद असायचं, कारण मी बाई होते. तालमीत मारुती असतो, कुस्तीचा लाल मातीचा हौदा असतो, लंगोट लावलेले पैलवान असतात, आणि या तिन्हींपैकी एकालाही बाई चालत नाही. वस्तादांनी पहिल्याच दिवशी पायरी दाखवून सांगितलं, "ताई, हितनं म्होरं न्हाय यायचं. मारुतीचा नेम हाय. तुमी हितं बसा, पोरं भायेर येत्यात, काय रगात काढायचं ते काढा." मग त्यांनी माझ्यासाठी आतून लाकडी स्टूल आणवलं. मारुतीचा नेम स्टुलाला लागू नव्हता.

माझा विषय न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त याच असतात. बोटात काटा मोडला की तिथे आधी याच पोचतात, जंतू दिसला की गिळतात आणि मरतात. जखम लाल होते, सुजते, ठणकते, त्यामागे बरीचशी यांची धावपळ असते. एवढं सगळं करणाऱ्या पेशीचं आयुष्य जेमतेम एखाद्या दिवसाचं. माझे मार्गदर्शक, त्यांना मी पुढे नुसतं सर म्हणते, या पेशींना 'शरीराचे मावळे' म्हणत. रोटरीवाल्यांसमोर असो की दहावीच्या निरोप समारंभात, सरांचं व्याख्यान खिंडीपासून सुरू व्हायचं आणि गडावर संपायचं. श्रोत्यांच्या अंगावर काटा यायचा. या मावळ्यांचा शेवटी पू होतो, हे सर सांगत नसत.

प्रश्न साधा होता. माणूस जोरात व्यायाम करतो तेव्हा न्यूट्रोफिलचं काय होतं? एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या कितीतरी पेशी व्यायामानं सुटून प्रवाहात येतात, त्यांची संख्या वाढते आणि काही वेळानं पुन्हा खाली येते. परदेशात हे पळणाऱ्यांवर आणि सायकल चालवणाऱ्यांवर तपासून झालं होतं. पैलवानांवर कुणीच तपासलेलं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. "कोल्हापूरचा पैलवान आणि परदेशातला सायकलवाला यांच्या पेशी सारख्या असतील असं तुला वाटतं?" त्यांनी मला विचारलं. मला तसंच वाटत होतं. पण माझी नोंदणी त्यांच्याकडे होती.

नोंदणीची मुदत पुढच्या जूनमध्ये संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर सगळं पहिल्यापासून. एका महाविद्यालयात मी तासांवर शिकवत होते आणि तिथल्या प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं की जूनमध्ये प्रबंध दाखल करून आलात तर खुर्ची तुमची, नाहीतर अर्ज पुष्कळ आहेत. तेव्हा पैलवानांचं प्रकरण बरोबर उतरणं ही माझ्या दृष्टीनं मावळ्यांहून गंभीर गोष्ट होती.

बारा पैलवान ठरले. संमतीपत्रं मी बारा नेली होती. वस्तादांनी एकट्यानंच बाराही सह्या ठोकल्या. "पोरं माझी हाईत, सही बी माझीच." मी कोरी पत्रं पुन्हा आणून एकेकाकडून वेगळी सही घेतली तेव्हा वस्तादांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या आईबापपणावर शंका घेतली.

दर खेपेला दोघेजण. सकाळी सहाला मी लूनावरून पायरीशी पोचायचे. व्यायामाआधीचं रक्त घ्यायचं, मग ते आत जायचे, दार बंद व्हायचं, आतून दणदण आवाज यायचे, आणि दोन तासांनी लाल मातीनं माखलेले दोघे पुन्हा बाहेर यायचे. मग व्यायामानंतरचं रक्त. नळ्या डब्यात ठेवून मी तडक विभागात. या पेशी फार वेळ थांबत नाहीत. ताज्या असतानाच मोजाव्या लागतात. त्यांच्यात पिवळा रंग मिसळायचा. जी पेशी लढायच्या तयारीत असते ती तो गिळून पोटात निळा करते, जी सुस्त असते ती तशीच राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजायच्या, त्यांतल्या निळ्या किती ते लिहायचं.

पैलवानांचं मला कौतुक वाटायचं. शंभर किलोचा माणूस सुई बघून डोळे मिटायचा. एकानं तर विचारलं, "ताई, ह्यात ताकद किती जाती?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग काढताय कशाला?" मी कापसाचा बोळा लावून त्याचा हात मिटवला. सहाच्या रक्ताला सगळे नेहमी न्हाऊनमाखून यायचे. ओले केस, धुतलेला सदरा, बोटांना साबणाचा वास. त्या थंडीत पहाटे उठून आंघोळ! मी वहीत लिहिलं: 'वैयक्तिक स्वच्छता उत्तम.'

नाडी मी मोजत नव्हते. माहितीच्या तक्त्यात नाडीचा रकाना आधी होता, पण त्यामुळे तक्ता दुसऱ्या पानावर जात होता, म्हणून सरांनी तो काढून टाकला.

तुलनेसाठी व्यायाम न करणारी निरोगी माणसं हवी होती. त्यासाठी विभागाबाहेर जावंच लागलं नाही. प्राध्यापक, कारकून, ग्रंथपाल, सगळे आनंदानं आले. स्वतः सरही बसले. त्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा चांगलेच वर निघाले. ते खूष झाले आणि हे वंशपरंपरागत असावं असं म्हणाले. चार दिवसांनी त्यांची अक्कलदाढ काढली. तिच्याखाली गळू होतं.

फेब्रुवारीत आकडे मांडले तेव्हा मी घाबरले. पैलवानांच्या न्यूट्रोफिल व्यायामानंतर वाढलेल्या होत्या, ते ठीक. पण व्यायामाआधीही त्या तेवढ्याच वाढलेल्या होत्या. निळ्या पेशीही तशाच. आधी आणि नंतर यांत फरकच नाही. फक्त एका पैलवानाचा आधीचा आकडा आमच्या कारकुनासारखा निघाला. तो कोडोली गावचा होता.

माझ्या मते कुठेतरी चूक झाली होती. सरांच्या मते कुठेतरी शोध लागला होता. ते खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या गुलमोहराला उद्देशून म्हणाले, "सदैव सज्ज! कोल्हापूरच्या पैलवानाची प्रतिकारशक्ती कधी झोपतच नाही!"

"सर, आणि तो कोडोलीचा?"

"तो काढून टाक. आळशी असणार."

असा कोडोलीचा पैलवान विज्ञानातून गेला. अकरा पैलवानांवर सरांनी एक लेख लिहिला, तो विभागाच्या स्मरणिकेत छापून आला, आणि तो वाचून तालमीनं सरांचा सत्कार ठरवला.

सत्कार तालमीसमोर रस्त्यावर मांडव घालून झाला, त्यामुळे मलाही जाता आलं. मी तिसऱ्या रांगेत होते. सरांना फेटा बांधला. तो त्यांच्या मापाला मोठा होता, म्हणून भाषणभर ते मान ताठ ठेवून बोलले, आणि लोकांना तो आत्मविश्वास वाटला. प्रमुख पाहुणे एक माजी पदाधिकारी होते. ते म्हणाले की न्यूट्रोफिलची आपल्या मातीला शेकडो वर्षांची परंपरा आहे. बसल्यावर त्यांनी शेजारी हळूच विचारलं, पण माइक चालू होता: "ह्याची गोळी मिळती काय हो?" मग अकरा पैलवानांना एकेक करून वर बोलावून नारळ आणि प्रमाणपत्र दिलं. ज्या पेशींमुळे हे सगळं चाललं होतं, त्या मरून एव्हाना काही महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी कोडोलीचा पैलवान विभागात आला. दारातून तिरका होऊन शिरला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. बसा म्हटलं तर खुर्चीकडे बघून नको म्हणाला.

"ताई, माझं रगात खोटं हुतं काय?"

"खोटं कसं असेल?"

"मग अकराच नारळ कसं? सुई तर बाराजणास्नी टोचलीसा. गावात आईनं इचारलं, तुझा न्हाय काय सत्कार? काय सांगू?"

मी खरं ते सांगितलं. बाकीच्यांचे आकडे आधीपासूनच वर होते, त्याचा एकट्याचा खाली होता.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "त्येच की ओ! त्या दिवशी मी गावास्नं आलतो. यष्टी पंक्चर झाली. आलो तवर तुमी पायरीवर. वस्ताद म्हणालं, जा आता तसाच. बैठका झाल्याच न्हाईत माझ्या."

"कसल्या बैठका?"

"रगात द्यायच्या आधीच्या. पाच्शे."

माझ्या हातात पेन होतं. मी ते खाली ठेवलं. "सगळे मारायचे? दर वेळी?"

"व्हय की. पाच्शे बैठका, दोनशे जोर, मग आंगुळ, मग तुमी. पावणं घरात आल्यावर थंड रगात द्यायचं म्हंजे काय? वस्ताद म्हणालं, इद्यापीठात जाणार हाय, तालमीची अब्रू हाय त्यात, गरम गेलं पायजे."

त्या साबणाच्या वासाचा अर्थ मला त्या क्षणी कळला. तीन महिने मी व्यायामानंतरच्या रक्ताची व्यायामानंतरच्या रक्ताशी तुलना केली होती. सगळ्या अभ्यासात व्यायामाआधीचा एकच नमुना योग्य रीतीनं घेतला गेला होता, आणि तोही बसचं चाक पंक्चर झालं म्हणून. तोच आम्ही काढून टाकला होता.

जूनला अडीच महिने उरले होते.

मी आधी वस्तादांकडे गेले. ते पायरीवर बसून बदाम फोडत होते. मी विचारलं तर लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "आता! रोज तेच केलंया. तुमी इचारलं न्हाईसा, आमी सांगितलं न्हाय."

"वस्ताद, मला थंडच रक्त हवं होतं."

"थंड रगात ही काय दाखवायची चीज हाय ताई? ते तर कुनाचं बी असतंय. तुमच्या मास्तराचं बी असंल."

मी समजावू लागले. पेशी, प्रवाह, संख्या. वस्ताद बदाम फोडत राहिले. शेवटी म्हटलं, "कुस्ती लागायच्या आधी सलामी असते की नाही? सलामी न बघता एकदम शेवटचा डाव बघितला तर कुस्ती किती वेळ चालली ते कळेल का? थंड रक्त म्हणजे सलामी."

वस्तादांचा हात थांबला. "सलामी व्हय?" ते जरा रागावूनच म्हणाले. "मग आधी सांगायचं न्हाय काय!"

त्यांना पटायला दहा मिनिटं लागली. सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते शांतपणे ऐकत होते. भिंतीवर नवीन फ्रेम लागली होती, तिच्यात फेटा बांधलेले तेच होते.

"म्हणजे ते आधीच व्यायाम करून आलेले होते," सर म्हणाले.

"हो सर."

"याचाच अर्थ असा, की कोल्हापूरचा पैलवान कधी विश्रांती घेतच नाही. आपला निष्कर्ष उलट पक्का झाला."

मी म्हटलं की हे मी प्रबंधात लिहू शकत नाही. सगळं पुन्हा मोजावं लागेल.

"बाई," सर म्हणाले. इतर वेळी ते मला अगं-तुगं करत. "सत्कार झाल्यावर आकडे बदलत नसतात."

प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांची सही लागत होती. खोटं प्रकरण तसंच दिलं तर सही लगेच मिळणार होती, जूनमध्ये खुर्चीही. मी दोन दिवस तसाही विचार केला, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या दिवशी मी सरांना वेगळी गोष्ट सांगितली: या खेपेला पैलवान इथे, विभागात येतील. बाराच्या बारा. आमच्या व्हरांड्यात बैठका मारतील. असं दृश्य विद्यापीठात कुणी पाहिलेलं नसेल.

सरांनी चष्मा काढला. "फोटोग्राफर सांगावा लागेल," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये एका सकाळी बारा पैलवान टेम्पोतून उतरले. आधी तासभर नुसतं बसायचं होतं. आमच्या विभागात हे काम लोक वर्षानुवर्षं सहज करत आले होते, पण पैलवानांना ते जमेना. पाय हलवू नका म्हटलं की हात हलायचे. वस्ताद रांगेसमोर येरझाऱ्या घालत दम देत होते, "गप बसा रं! सलामी चाललीया!" दोघं बसल्या बसल्या घोरायला लागले. मी नाडी मोजली, वेगळ्या कागदावर लिहिली, थंड रक्त घेतलं. कोडोलीच्या पैलवानानं हात सगळ्यांत आधी पुढे केला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "भिऊ नगंस, मी दिलंया आधी असलं."

मग बैठका सुरू झाल्या. एका लयीत बाराजण खाली-वर. काचेची भांडी कपाटात किणकिणू लागली. छताचा पोपडा कार्यालयाच्या टंकलेखन यंत्रावर पडला. खालच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या प्रमुखांनी चिठ्ठी पाठवली की आमचा तराजू स्थिर होत नाही, भूकंप किती वेळ चालणार ते कळवावं. फोटोग्राफर उशिरा आला, तोवर सगळं संपलं होतं. तेव्हा सरांनी एका पैलवानाचा दंड धरून रिकामी सिरिंज त्यावर टेकवली, आणि तो फोटो छापून आला.

आकडे? बसलेल्या पैलवानाचं रक्त आमच्या कारकुनाच्या रक्तासारखं होतं. बैठका मारलेल्या पैलवानाच्या न्यूट्रोफिल वाढलेल्या होत्या, आणि संध्याकाळी पुन्हा घेतलेल्या नमुन्यात त्या उतरणीला लागल्या होत्या. पुस्तकात पळणाऱ्यांबद्दल जे लिहिलं होतं तेच, तसंच. कोल्हापूरच्या पेशींनी कुठलाही स्वाभिमान दाखवला नव्हता. मी ते प्रकरण नव्यानं लिहिलं आणि आधीची चूक कशी झाली, तेही एका परिच्छेदात लिहिलं.

सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. "म्हणजे आमचा पैलवान एका तासात शून्यातून सज्ज होतो," ते म्हणाले, आणि सही केली. स्मरणिकेतला लेख होता तसाच राहिला. कोडोलीला मी स्वतः जाऊन नारळ दिला. त्याच्या आईनं तो देव्हाऱ्यापुढे ठेवला आणि मला विचारलं, याला काही रोग-बिग निघाला नाही ना.

प्रबंध जूनच्या चार दिवस आधी दाखल झाला. तोंडी परीक्षा त्या पावसाळ्यात झाली. बाहेरचे परीक्षक सकाळच्या बसनं आले होते आणि दुपारी त्यांना तांबड्या रश्श्याचं जेवण होतं. विभागात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी त्याची दोनदा चौकशी केली होती. मी पैलवानांचं प्रकरण पाठ केल्यासारखं तयार करून गेले होते. आधीची चूक, दुसरी मोजणी, नाडी, सगळं. परीक्षकांच्या प्रतीत त्या प्रकरणाची पानं बाइंडिंगवाल्यानं उलटी शिवली होती. ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

त्यांनी प्रबंध मिटला, घड्याळ पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हे पैलवान रोज दूध किती पितात?"

सर माझ्याकडे बघत होते. विभागातले सगळे बघत होते.

"चार लिटर," मी म्हणाले.

परीक्षकांनी 'उत्तर समाधानकारक' असं लिहिलं, खाली सही केली आणि मी डॉक्टर झाले. दुधाचं मी तालमीत कुणाला कधी विचारलंच नव्हतं.